बैठकीखालच्या तीन खाचा

त्या तीन खाचा मी कोरल्या होत्या. माझ्याच हाताने, पटाशीने, कुणी सांगितलेलं नसताना. चूक माझी होती आणि ठपका दुसऱ्याच्या नावावर बसला. एवढंच तर लिहायचं होतं, त्याला सहा वर्षं कशाला लागली, असं आता स्वतःला विचारतो आणि स्वतःवरच चिडतो. चिडून काही होत नाही, हेही सहा वर्षांत कळलंय. तरी चिडतो.

होळी होऊन गेली की दौंडची हवा दोन-चार दिवसांत कोरडी ठणठणीत होते. आमच्या रेल्वे क्वार्टरचं जे दार श्रावणात खांदा लावल्याशिवाय हलत नाही, ते आता वाऱ्याच्या झुळकेने उघडतं. कडी घातली तरी फटीतून रस्ता दिसतो. दुपारी घर सामसूम असताना कपाटातून, चौकटीतून, खाटेच्या पायांतून कट् कट् आवाज येतात. लाकूड आकसतं. पावसाळाभर पोटात धरून ठेवलेलं पाणी सोडतं. दुसऱ्यांना हे आवाज ऐकूही येत नसतील. मी मात्र जेवताना घास हातात धरून थांबतो.

आणि याच दिवसांत आमचा माठ बाहेर निघतो. माठावर झाकण म्हणून कमल, माझी बायको, एक गोल फळी ठेवते. बाभळीची, जाड, कडेला एक चीर गेलेली. ही फळी एका उंच स्टुलाची बैठक होती. तिच्या खालच्या अंगाला तीन खाचा आहेत, शेजारी शेजारी, बोटाच्या पेराएवढ्या. कमल ती फळी नेमकी उलटी ठेवते. खाचा वर. मी येता-जाता सुलटी करतो, आणि तासाभराने पाहावं तर ती पुन्हा उलटी. यावर आमच्यात अवाक्षर होत नाही. उन्हाळाभर तहान लागली की आधी त्या खाचा दिसतात, मग पाणी मिळतं.

*

आमच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून एक खोली आहे. तिला आम्ही वाचनालय म्हणतो. भिंतीशी दोन कपाटं, खाली सतरंजी आणि मधोमध वर्तमानपत्रांचा उंच स्टँड. तिरपी फळी, तिच्यावर पितळी सळई, सळईत अडकवलेले पेपर. सळई नव्हती तेव्हा पेपर लोकांच्या घरी जायचे आणि भज्यांना गुंडाळलेले परत दिसायचे. सळई आली, पेपर टिकले, पण वाचायचं तर उभं राहून. स्टँड छातीएवढा उंच. दिवसभर रुळांवर, शेडमध्ये, यार्डात उभा राहिलेला माणूस संध्याकाळी इथे येऊन पुन्हा उभाच.

वाचनालयाचा एक नियम आहे. ज्याला वाचता येतं त्याने मोठ्याने वाचायचं, म्हणजे ज्याला येत नाही त्यालाही कळतं. हा नियम गणपतआबांचा. आबांनी उभं आयुष्य इंजिनात कोळसा मारला. पन्नाशी ओलांडल्यावर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले, आणि तेव्हापासून एकही दिवस पेपर चुकवला नव्हता. त्यांचे गुडघे कोळशाने आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी कधीच संपवले होते. वाचताना ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत, मग परत पहिल्यावर. अग्रलेख लांब असला की त्यांचा आवाज शेवटच्या परिच्छेदात बारीक व्हायचा. दुखण्याचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही. मी दाराशेजारच्या फळ्यावर खडूने त्या दिवशीच्या ठळक बातम्या लिहायचो. ते काम माझ्याकडे, कारण अक्षर चांगलं. लिहिता लिहिता मागून तो बारीक होत जाणारा आवाज ऐकायचो.

लोको शेडच्या टाइम ऑफिसात मी कारकून. एकदा साहेबांनी मला रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या सामानाची यादी करायला पाठवलं. गोऱ्या ड्रायव्हर-गार्डांच्या वेळचं दारूचं काउंटर अजून तिथे होतं, आणि कोपऱ्यात एकावर एक रचलेली चार उंच स्टुलं. गोल बैठक, खाली फाकत गेलेले चार पाय, पाऊल टेकायला आडवी दांडी. एकावर बसून पाहिलं. पाय दांडीवर, कोपर काउंटरवर, पाठ सरळ. आयुष्यात दारूला शिवलो नाही, पण ते लोक तासन्‌तास तिथे का बसत असतील ते मला त्या क्षणी समजलं. समोर ग्लासाऐवजी पेपर असता तर, एवढाच विचार मनात आला.

कमिटीत विषय काढला तर गहजब. गुत्त्यातलं फर्निचर विहाराशेजारी आणायचं म्हणजे काय, असं दोघा-तिघांनी विचारलं. आबा म्हणाले, "स्टूल पीत न्हाई, बसनारा पितो." विषय मंजूर झाला. जयंतीपर्यंत सहा स्टुलं आणायची जबाबदारी मी घेतली. कुणी दिली नव्हती. मी घेतली. माझ्या बहुतेक दुःखांची सुरुवात अशीच होते.

*

शिरूर कमलचं माहेर. तिथे घोडनदीच्या काठी सखाराम मिस्त्रींची पत्र्याची शेड. ते मूळचे आमच्याच गावचे, निमोण्याचे, म्हणून मी त्यांना सखामामा म्हणायचो. औतं, जू, चाकं, दारं. चाळीस वर्षं तेच काम. माघ महिना होता, सकाळी नदीवर धूर उठावा तसं धुकं. मामा वाकस घेऊन बैलगाडीचं जू तासत होते.

"मामा, सहा उंच स्टुलं पाहिजेत. जयंतीपर्यंत."

"कंच्या जयंतीपत्तुर?"

"या एप्रिलच्या."

"मग पुढच्या एप्रिलला या."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी वाकसाच्या दांड्याने नदीकडे दाखवलं. डोहात, काठाला साखळदंडाने बांधलेले बाभळीचे ओंडके पाण्याखाली होते. वरून नुसत्या काळ्या पाठी दिसत होत्या, म्हशी बसाव्यात तशा. मामा म्हणाले, "लाकूड झोपलंय. पाण्यात सा महिनं ठेवलं का त्यातला चीक जातो, किडा धरत न्हाई. मग भाईर काढायचं, कापायचं, आन् सावलीला वाळाया ठेवायचं. वाळायला त्याचा येळ त्यो घेतं. आपला येळ त्याला चालत न्हाई."

"मग मी स्वतः करतो," मी म्हणालो.

मामा हसले. "कर की. कागद खरडनारा हात हाय, लाकडावर काय खरडतोय बघू."

पण त्यांनी शिकवलं. दहा दिवसांची रजा काढून मी सासुरवाडीत राहिलो आणि रोज सकाळी शेडमध्ये गेलो. हे मी कधी विसरू नये असं आहे. निमोण्यात माझ्या वडिलांना मामांच्या वडिलांच्या शेडबाहेर उन्हात थांबावं लागायचं, औताचा दांडा आतून कुणीतरी आणून बाहेर ठेवायचं. मामांनी मला आत आपल्या पाटावर बसवलं, ज्या हत्यारांची ते दसऱ्याला पूजा करायचे ती माझ्या हातात दिली आणि मी पटाशीची धार घालवली तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "क्लार्कसाहेब, ही पेन्शील न्हाई."

पायाच्या टोकाला खुंटीसारखा भाग कोरायचा, त्याला कुसू म्हणतात. तो बैठकीतल्या भोकात घट्ट बसला पाहिजे. हातोडीने हळू ठोकल्यावर आत जावा, आणि नुसत्या हाताने बाहेर येऊ नये. माझे पहिले चार कुसू इतके सैल झाले की मामांनी ते शेजारच्या म्हातारीला चुलीत घालायला दिले. आठव्या दिवशी, मामांकडच्या जुन्या, वर्षभर वाळलेल्या तुकड्यांतून माझं पहिलं स्टूल उभं राहिलं. मामा त्याच्यावर बसले. पाय हलवून पाहिले. मग विडी काढली. मला ते बक्षीस वाटलं.

मामांच्या प्रत्येक वस्तूवर एक खूण असायची. जुवाच्या पोटाला, दाराच्या चौकटीला, जिथे चटकन दिसणार नाही अशा जागी तीन खाचा. मी विचारलं तर म्हणाले, "मला नाव लिवाया येत न्हाई. म्हून ह्या. वस्तू चांगली निघाली, वाईट निघाली, मानूस उलटी करून बघतो कुनाची हाय."

"मग याच्यावर करा ना," मी माझं स्टूल पुढे केलं.

"हे तुझं हाय. माझी खून कशाला?"

निघताना त्यांनी नुकत्याच पाण्यातून काढून कापलेल्या बाभळीचे पाय आणि फळ्या बांधून दिल्या. "सावलीला ठेव. दोन फळ्यांत पट्टी घाल, वारं खेळलं पायजे. दसऱ्यापत्तुर हात लावू नगंस. जयंतीला एक स्टूल ने, बाकीची पुढच्या साली. एकावर बी मानूस बसतोच की."

मी हो म्हणालो. एस्टीच्या टपावर लाकूड टाकलं, आणि चौफुल्याला पोचेपर्यंत ते हो मोडूनही टाकलं होतं.

*

वाफेच्या इंजिनाला कोरडी वाळू लागते. चढावर चाकं घसरायला लागली की रुळावर वाळू सोडतात. ती ओली असेल तर नळीत अडकते, म्हणून शेडमध्ये वाळू भाजायची एक भट्टी असते, रात्रंदिवस तापलेली. पावसाळ्यात आम्ही तिथे बूट वाळवायचो. मी लाकूड वाळवलं.

आज हे लिहिताना मला माझी कीव येते. कुठला सुतार हे करणार नाही, कुठला शेतकरीही करणार नाही. हे करायला रेल्वेतला कारकूनच हवा, ज्याला वाटतं की वाळूला दोन तास लागतात तर बाभळीला आठ दिवस पुष्कळ झाले. आठ दिवसांत फळ्या वरून अशा खणखणीत झाल्या की टिचकी मारली तर वाजाव्यात. आतून त्या अजून नदीतच होत्या.

मग क्वार्टरच्या मागच्या अंगणात तो महिना. फाल्गुनातलं ऊन, भुशाचा तुरट वास, धुण्याच्या दगडावर ठेवलेले पाय, आणि मी. बाभळीसारखं हट्टी लाकूड नाही. करवत अडकते, गिरमिट जळका वास सोडतं, पटाशी उसळून अंगठ्यावर येते. एक पाय कापावा तर स्टूल डावीकडे डुगडुगतं. डावा तासावा तर उजवीकडे. उजवा तासावा तर मागे. अशा दुरुस्तीत एका स्टुलाची उंची चार बोटं कमी झाली आणि डुगडुगणं मात्र पहिल्याएवढंच राहिलं. शेजारचे लोक कुंपणावरून बघायचे आणि आपापली मतं देऊन जायचे. सगळ्यांना सगळं माहीत होतं. फक्त हातोडी कुणी धरत नव्हतं.

कमल धुणं घेऊन आली की दगड रिकामा होईपर्यंत उभी राहायची. एकदा बराच वेळ बघून म्हणाली, "अहो, हे स्टूल हाय का गाढवाचं शिंगरू? उभं राहायला शिकतंय जणू."

शेवटी पाच उभी राहिली. व्हार्निश लावलं. व्हार्निशखाली सगळं चकचकीत दिसतं, हाच त्याचा गुन्हा आहे. शेजारी मामांच्या देखरेखीखाली केलेलं पहिलं स्टूल ठेवलं. सहा. त्या संध्याकाळी मी ती पाच उलटी केली, पटाशी घेतली आणि प्रत्येकाच्या बैठकीखाली तीन खाचा पाडल्या. अगदी एकसारख्या. पट्टीने मोजून.

कमल तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दुसऱ्याची सही का करताय?"

"सही नाही गं. मान आहे तो. त्यांनीच शिकवलं ना."

"मान द्यायचा तर नाव सांगा. खूण कशाला उचलता?"

मी खाचांतला भुसा फुंकला. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. मला भीती वाटत होती. माझ्या नावाच्या स्टुलावर लोक जपून बसले असते. मामांच्या खुणेवर बिनधास्त बसतील. ज्या एका स्टुलाला ती खूण खरोखर शोभली असती ते मात्र तसंच कोरं राहिलं.

*

जयंतीला निळ्या पताका लागल्या, वाचनालय धुऊन काढलं, आणि आबा पहिल्यांदा बसून पेपर वाचू लागले. अग्रलेखाचा शेवटचा परिच्छेद त्यांनी पहिल्याइतक्याच मोठ्या आवाजात वाचला. त्या आवाजासाठीच तर सगळं केलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नव्हतं.

कुणीतरी विचारलं, स्टुलं कुणाची? मी म्हणालो, "शिरूरच्या सखामामांचं लाकूड, त्यांचंच माप." यात एकही शब्द खोटा नाही, असं मी स्वतःला समजावलं. शिरूरकडचा एक गार्ड होता, त्याने एक स्टूल उलटं करून पाहिलं. "सखा मिस्त्रीची खूण हाय. मग बघायलाच नको." त्याच आठवड्यात कमिटीने ठरवलं की विहाराचं नवं दार सखा मिस्त्रींकडूनच करून घ्यायचं. तसं पत्र मीच लिहिलं. स्टुलांबद्दल त्यात काही लिहिलं नाही. मामांचा निरोप आला, दारासाठी ओंडका निवडून ठेवलाय, वाळला की कळवतो.

पुढे वैशाख. दुपारी पत्रे कडकडत होते. पंधरा-वीस माणसं, कोणी सतरंजीवर, कोणी स्टुलांवर. आबा एस्टीच्या भाडेवाढीची बातमी वाचत होते. मी फळ्यापाशी. मागे कट् असा आवाज झाला, मोठा नव्हे, सुपारी फोडावी एवढाच. पाऊल टेकायची दांडी भोकातून निसटली, तिच्यामागोमाग एक पाय, आणि आबा उजव्या हातावर पडले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वाक्य अर्धं राहिलं, तेवढंच.

त्यांना उचललं, हात सुजत होता. मनगट मोडलं होतं. आणि स्टूल खोलीच्या मधोमध उलटं पडलेलं, पाय फाकलेले, तीन खाचा वर. सैल झालेल्या कुसवाभोवती करंगळी जाईल एवढी फट. आतलं पाणी गेलं होतं आणि लाकूड आकसून आपल्याच भोकापेक्षा लहान झालं होतं.

गार्ड वाकून बघत म्हणाला, "कच्चं लाकूड वापरलं की मिस्त्रीनं. म्हातारा झाला. मधू, तूच आनली ना रं ही त्यांच्याकडनं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आबासुद्धा, हात पोटाशी धरून.

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. त्यानंतर दवाखाना, प्लास्टर, धावपळ यात मी इतका पुढे होतो की लोकांनी माझं कौतुक केलं.

*

मामांना सांगितलेलं दार कमिटीने रद्द केलं, आणि विहाराला पुढे लोखंडी पत्र्याचं दार बसलं. उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापतं, लहान मुलं हात लावून ओरडतात. त्या दाराजवळून मी सहा वर्षं रोज गेलो. उरलेली चार स्टुलं कमिटीने मोडून टाकली. त्या पडलेल्या स्टुलाची बैठक कमलने घरी आणली. कोरं स्टूल तेवढं राहिलं, कोपऱ्यात. त्याच्यावर कुणी बसेना.

आबा तीन महिने आले नाहीत. आले तेव्हा मनगट जरा वाकडं राहिलं होतं. ते परत उभे राहून वाचू लागले. पान उलटायला डावा हात.

आणि मी शिरूर टाळायला शिकलो. सासुरवाडीचं लग्न असलं तर ड्यूटी काढायची. जावंच लागलं तर नदीकडची गल्ली सोडून बाजारातून लांबचा वळसा. माणूस चुकीपेक्षा तिच्या वळशातच जास्त चालतो, आणि चालून चालून इतका दमतो की आपण प्रायश्चित्त घेतोय असं त्याला वाटू लागतं. मला तसं वाटत होतं. रात्री नीट झोप येत नव्हती, यालाच मी प्रामाणिकपणा समजत होतो.

या वर्षी माठ निघाला. कमलने फळी ठेवली, खाचा वर. मी सुलटी केली. तिने त्या दिवशी ती पुन्हा उलटी केली नाही. कापडी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"सव्वासातची गाडी हाय शिरूरची," ती म्हणाली. "माठावर मी ताटली ठेवीन."

*

मामा शेडच्या दाराशी बसले होते. वाकस हातात नव्हता. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला.

"कोन हाय?"

"मी, मामा. निमोण्याचा मधू."

"या क्लार्कसाहेब. यस्टी बंद व्हती म्हना की सा वरसं."

मी पिशवीतून फळी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी फळी उलटी केली आणि खाचांवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

"ही माझी न्हाई," ते म्हणाले. "माझी मधली आखूड असती. कडंच्या दोन माझ्या बापाच्या, मधली मी घातली, म्हून ल्हान. ह्या तिन्ही सारख्या. शाळंतल्या अक्षरावानी."

"मी कोरल्या, मामा. लाकूडही मीच भट्टीवर वाळवलं. दसऱ्यापर्यंत थांबलो नाही."

"ठावं हाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या गार्डानं येऊन सांगितलं तवाच. मी स्टुलं केलीच न्हाईत, मला ठावं नसंल व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

मामांचा आवाज पहिल्यांदा चढला. "काय बोलू? म्या केलं न्हाई म्हनू? सगळेच तसं म्हनत्यात. ज्यानं केलं त्यानं म्हनाया पायजे." त्यांनी मांडीवरची फळी बाजूला ठेवली. "बाजारात जू घेऊन बसलो तर गिऱ्हाईक आधी नख रोवून बघाया लागलं, लाकूड ओलं हाय का. चाळीस वरसांत माझ्या जुवाला कुनी नख लावलं नव्हतं, मधू."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मामा, मला माफ करा."

"हितं म्हनून काय उपेग? हितं तू आन् मी. मला आधीच ठावं हाय. म्हातारा जिथं पडला तिथं जाऊन म्हन."

ते उठले, चाचपत शेडच्या आतल्या कोपऱ्यात गेले. तिथे एक जाड ओंडका विटांवर आडवा होता, वर सहा वर्षांची धूळ. "दारासाठी ठिवला व्हता," असं म्हणून त्यांनी बोटांच्या पेरांनी त्याच्यावर ठोकलं. घंटेच्या शेवटच्या नादासारखा एक कोरडा, स्वच्छ आवाज आला. "आता वाजतोय बघ. आता कवाबी घे म्हनावं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात गेलो. आठ-दहा माणसं जमली होती, आबा स्टँडपाशी उभे, वाकडं मनगट सळईवर टेकलेलं. मी फळा पुसला. बातम्यांच्या जागी लिहायला लागलो. खडू दोनदा मोडला. अक्षर चांगलं आलं नाही. लिहून झाल्यावर मी बाजूला झालो, लोकच वाचतील आणि काय ते म्हणतील. खरं सांगायचं तर फळ्याच्या आडोशाने सुटता येईल, अशी थोडी आशा तेव्हाही होती.

आबा फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चष्मा इसरलो घरी. मोठ्यानं वाच."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता. सगळ्यांना दिसत होता.

मी कोपऱ्यातलं कोरं स्टूल आणून त्यांच्याजवळ ठेवलं. "आबा, हे पक्कं आहे. हे सखामामांच्या डोळ्यांसमोर झालंय." त्यांनी एका हाताने ते हलवून पाहिलं, उलटं करून खाली पाहिलं, आणि बसले. बाकीचे सतरंजीवर सरकून बसले. मग मी वाचलं.

"या वाचनालयातली जी पाच उंच स्टुलं मोडली, ती शिरूरच्या सखाराम मिस्त्रींनी केलेली नव्हती. ती मी माझ्या घरी केली. दसऱ्यापर्यंत लाकडाला हात लावू नकोस असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते भट्टीवर वाळवलं. स्टुलांखाली त्यांची खूण मी त्यांना न विचारता कोरली. आबा पडले त्या दिवशी मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. सखाराम मिस्त्रींनी आयुष्यात कधी कच्चं लाकूड वापरलेलं नाही."

फळ्यावर जागा तिथेच संपली होती. पुढचं लिहिलेलं नव्हतं, ते मी आबांकडे बघून म्हणालो.

"आबा, तुमचा हात माझ्यामुळे मोडला आणि त्यांचं नाव माझ्यामुळे गेलं. चूक माझी होती. तुम्ही मला माफ करा. आणि विहाराचं दार त्यांच्याकडून करून घ्या, लाकूड वाळलंय."